खानावळ ते उपाहारगृह : मुंबईतील कोकणी भोजनव्यवस्था आणि रेवदंडा किनारा

प्रस्तावना

शहरांचा इतिहास प्रामुख्याने कारखाने, बंदरे, रस्ते आणि राजकीय चळवळी यांच्या आधारे लिहिला जातो. शहरात एकट्याने राहणारा कष्टकरी माणूस दोन वेळा कोठे आणि कोणाच्या हातचे जेवत होता, हा प्रश्न इतिहासलेखनात दीर्घकाळ दुय्यम मानला गेला. मुंबईच्या सार्वजनिक भोजनव्यवस्थेविषयी फ्रँक कॉनलन यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध, तसेच नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेला गिरणगावाचा मौखिक इतिहास यांमुळे या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले.

प्रस्तुत निबंधात मुंबईतील कोकणी खानावळीचा उदय, तिची अंतर्गत रचना आणि तिचे उपाहारगृहात झालेले रूपांतर यांचा विचार करण्यात आला आहे. या रूपांतराचा दुसरा टप्पा आज रायगड जिल्ह्यातील रेवदंड्यासारख्या किनारी गावात दिसून येतो. त्यामुळे रेवदंडा हे येथे केवळ स्थलांतराचे उगमस्थान म्हणून नव्हे, तर त्या व्यवस्थेचे आजचे स्थान म्हणूनही विचारात घेतले आहे. अमेरिकेतील बास्क समाजाच्या भोजनगृहांचा इतिहास मुंबईच्या खानावळीशी आश्चर्यकारक साम्य दाखवतो. म्हणून त्याचा तुलनात्मक आधारही घेण्यात आला आहे.

खानावळ ही उपाहारगृहाची आधीची, अप्रगत अवस्था नव्हती, हे या निबंधाचे प्रमुख प्रतिपादन आहे. कमी वेतनावर श्रमिकांना जगवण्याचा भार ज्या व्यवस्थेने उचलला, तिचे नाव खानावळ होते. हा भार मुख्यतः स्त्रियांच्या खांद्यावर होता, आणि ‘घरगुती’ या शब्दाने तो झाकला गेला.

किनारा आणि शहर

कुंडलिका खाडीच्या मुखाशी वसलेले रेवदंडा हे अलिबाग तालुक्यातील गाव प्राचीन चौल बंदराचा भाग होय. सोळाव्या शतकात येथे पोर्तुगीजांनी तटबंदीयुक्त नगर उभारले आणि १७४० मध्ये ते मराठ्यांच्या ताब्यात आले. खाडीपलीकडील कोर्लई गावात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संयोगातून घडलेली बोली आजही बोलली जाते. बेने इस्रायली समाजाची वस्तीही या परिसरात होती. थोडक्यात, भिन्न आहारनियम पाळणारे समाज शेजारी नांदण्याचा अनुभव या किनाऱ्याला जुना आहे.

चौलचे व्यापारी महत्त्व ओसरले आणि मुंबईचा उदय झाला. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. पुढील सहा-सात दशकांत गिरणी कामगारांची संख्या सुमारे दीड लाखापर्यंत पोहोचली. या कामगारांमध्ये रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा होता. १९११ च्या जनगणनेच्या सुमारास तो जवळपास निम्मा होता. त्याखालोखाल घाटावरील जिल्ह्यांतून आणि कुलाबा जिल्ह्यातून माणसे येत. (कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड असे झाले.)

हे स्थलांतर प्रामुख्याने पुरुषांचे होते. १९२१ मध्ये मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सव्वापाचशेच्या आसपास होती. बायका, मुले आणि वृद्ध गावी राहत. पुरुष शहरात कमवीत आणि सणासुदीला किंवा लावणीच्या वेळी गावी परतत. कुलाब्याच्या किनाऱ्यावरील माणसासाठी ही ये-जा जलमार्गाने होई. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईतील भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. अमावास्येच्या सणासाठी घरी निघालेले अनेक चाकरमानी त्यात होते. शहर आणि किनारा यांचे नाते किती दाट होते, याची साक्ष ही दुर्घटना देते. कमाई शहरात आणि घर गावात, अशी ही दुभंगलेली कुटुंबव्यवस्था होती. या दुभंगातूनच खानावळीची गरज निर्माण झाली.

खानावळीची अंतर्गत रचना

गिरणगावात एका खोलीत वीस-पंचवीस पुरुष पाळीपाळीने राहत. दिवसपाळीचा माणूस बाहेर पडला की रात्रपाळीचा तेथे पाठ टेकी. अशा खोलीत चूल मांडणे शक्य नव्हते. त्यामुळे चाळीतीलच एखादी स्त्री आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत दहा-वीस माणसांचे जेवण रांधून देई. हीच गिरणगावातील खानावळ होय. तिला पाटी नसे आणि दरपत्रकही नसे. जेवणाऱ्यांना ‘मेंबर’ म्हणत. हिशेब महिन्याचा असे. गैरहजर राहिलेल्या दिवसाचा ‘खाडा’ धरून पैसे वजा होत. पाळीनुसार काहींचे ताट खोलीत वाढले जाई, तर काहींचा डबा गिरणीत जाई. रविवारी दुपारी मासळीचे किंवा मटणाचे जेवण असे आणि रात्री बहुधा चूल बंद राही.

ही स्त्री कोण होती, याचे उत्तर गिरणी उद्योगाच्या इतिहासातच सापडते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गिरणी कामगारांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक-पंचमांश होते. गुंडाळणी आणि रीळ या खात्यांत त्या प्रामुख्याने काम करीत. उत्पादनाची पुनर्रचना झाली आणि यंत्रे बदलली, तेव्हा याच खात्यांवर कुऱ्हाड कोसळली. स्त्रियांच्या रात्रपाळीवरील बंदी आणि १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा यांचा हेतू संरक्षणाचा होता. परंतु मालकवर्गाने स्त्रियांना कामावर न घेण्यासाठी त्यांचा निमित्त म्हणून उपयोग केला. परिणामी १९७० च्या दशकापर्यंत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण अगदी अल्प उरले. गिरणीच्या फाटकाबाहेर पडलेली, विधवा झालेली किंवा नवऱ्याच्या पगारात भागत नसलेली स्त्री खानावळीकडे वळली. तिचे काम पहाटे पाणी भरण्यापासून सुरू होई आणि रात्रपाळीच्या माणसाचे ताट उचलेपर्यंत चाले. तरीही जनगणनेच्या तक्त्यात तिची नोंद बहुधा घरकाम करणारी अशीच होत राहिली.

जात, प्रदेश आणि पंगत

खानावळीचे चित्रण करताना केवळ आपुलकीवर भर देणे ऐतिहासिकदृष्ट्या अपुरे ठरेल. खानावळी जात आणि प्रदेश यांच्या रेषांवर उभ्या होत्या. गावाकडचा माणूस, गावाकडची चव आणि गावाकडची जात हे तिन्ही घटक एकत्र नांदत. गिरगाव-दादर परिसरात ब्राह्मणी खानावळी होत्या, तर गिरणगावात कोकणातील व घाटावरील समाजांच्या स्वतंत्र खानावळी होत्या. गोव्यातील ख्रिस्ती खलाशांनी धोबी तलाव परिसरात ‘कूड’ या नावाने गावनिहाय निवासस्थाने चालवली. तेथे निवासाबरोबर संत-प्रतिमेपुढील सायंप्रार्थनाही सामूहिक असे.

दलित कामगारांच्या बाबतीत ही रेषा अधिक कठोर होती. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागत असल्याने विटाळाचे कारण पुढे करून त्यांना विणकाम खात्यात प्रवेश नाकारला जाई. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न ठामपणे मांडला. जेथे सुताच्या धाग्याला विटाळ लागत होता, तेथे ताटाला तो लागत नव्हता असे मानणे कठीण आहे. युनियनच्या सभेत एकत्र बसणारे कामगार जेवायला मात्र वेगवेगळ्या खोल्यांत जात. कामगार एकजुटीच्या मर्यादा समजून घेण्यासाठी खानावळीचा उंबरठा हे एक महत्त्वाचे स्थळ ठरते.

तुलनेने इराणी हॉटेल आणि त्यानंतर आलेली उडुपी उपाहारगृहे अधिक खुली होती. माटुंग्यातील ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ मध्ये सुरू झाले. तेथे रोख पैसे देऊन जेवता येत होते. रोख पैशाने ओळखीची अट काढून टाकली. मात्र ज्याच्याजवळ रोख पैसे नाहीत, त्याला तेथे जागा नव्हती. खानावळीत याच्या नेमके उलट होते.

उधारीची साखळी आणि अन्नपूर्णा महिला मंडळ

खानावळीचे आर्थिक अधिष्ठान उधारी हे होते. वाणी खानावळवालीला किराणा उधार देई, खानावळवाली मेंबराला जेवण उधार देई आणि मेंबर पगाराच्या दिवशी पैसे चुकते करी. पगार लांबला, कपात झाली किंवा संप सुरू झाला की या साखळीतील सर्वांत कमकुवत दुव्यावर, म्हणजे खानावळवालीवर, ताण येई. मग दागिने गहाण पडत आणि सावकाराचे व्याज वाढत जाई. कामगारांचे दीर्घ संप टिकले, त्यामागे युनियनच्या संघटनशक्तीबरोबर या उधारीचाही वाटा होता. संपाच्या इतिहासात नेत्यांची नावे आहेत. संपकऱ्यांना जेवू घालणाऱ्या स्त्रियांची नावे मात्र क्वचितच आढळतात.

या विस्मृतीला पहिला सुसंघटित छेद १९७५ मध्ये मिळाला. गोवा मुक्तिसंग्रामात सहभागी झालेल्या आणि नंतर मुंबईतील कामगार चळवळीत कार्यरत असलेल्या प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. त्याआधीच्या गिरणी संपात खानावळवाल्यांनी कामगारांना उधारीवर जगवले होते. त्यातून त्या स्वतः कर्जबाजारी झाल्याचे वास्तव या स्थापनेमागे होते. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. परंतु तारण नसलेल्या, अक्षरओळख नसलेल्या स्त्रीसाठी बँकेचे दार प्रत्यक्षात बंदच होते. मंडळाने स्त्रियांचे गट करून परस्परांच्या हमीवर त्यांना बँकेची कर्जे मिळवून दिली. आरंभी मोजक्याच स्त्रिया पुढे आल्या; नंतर त्यांची संख्या हजारांत गेली. कर्जासाठी अर्ज करताना ‘व्यवसाय’ या रकान्यात काहीतरी लिहावे लागते. ज्या कामाला तोवर घरकाम म्हटले जात होते, ते या निमित्ताने व्यवसाय म्हणून कागदावर आले. या चळवळीचे ऐतिहासिक महत्त्व कर्जाच्या रकमेपेक्षा या नोंदीत अधिक आहे. प्रेमाताई पुरव यांना २००२ मध्ये पद्मश्री देऊन गौरवण्यात आले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या क्रमाक्रमाने बंद पडल्या. मेंबर गावी परतले आणि अनेकांची उधारी वसूल होण्याचा मार्गच उरला नाही. खानावळीचा आधार असलेला एकटा, नियमित पगार घेणारा कामगार मुंबईच्या चित्रातून नाहीसा होत गेला.

बास्क वसतिगृहांचा तुलनात्मक संदर्भ

अशा प्रकारचे संक्रमण केवळ मुंबईतच घडले असे नाही. स्पेन आणि फ्रान्स यांच्या सीमेवरील पिरेनीज पर्वताच्या परिसरात राहणारे बास्क लोक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेच्या पश्चिम भागात गेले आणि तेथे प्रामुख्याने मेंढपाळ म्हणून काम करू लागले. तेही बहुधा एकटे, तरुण पुरुष होते. सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, बेकर्सफील्ड, बॉइसी अशा शहरांत त्यांच्यासाठी बास्क कुटुंबांनी वसतिगृहे काढली. जेरोनिमा एचेव्हेरिया यांनी या वसतिगृहांचा इतिहास १९९९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला आहे.

तेथेही ठरलेल्या वेळी, लांब मेजावर, एकाच भांड्यातून सर्वांना वाढले जाई. निवड करण्यास वाव नसे. तेथे नोकरीची बातमी मिळे, गावाकडची पत्रे येत, काम नसलेल्या हिवाळ्यात उधारी चाले आणि मातृभाषा बोलता येई. स्वयंपाक, धुणे आणि झाडलोट यांचा भार मालकाची पत्नी आणि मायदेशातून कामासाठी आणलेल्या तरुण मुली उचलत.

१९२४ च्या कायद्याने अमेरिकेतील स्थलांतरावर कठोर मर्यादा आल्या आणि १९३४ च्या चराई कायद्याने फिरत्या मेंढपाळीला आळा बसला. मेंढपाळ कमी झाले, तशी वसतिगृहांची मेजे बाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी खुली झाली. गरजेपोटी मांडलेले लांब मेज हेच नंतर ‘बास्क पद्धतीचे जेवण’ म्हणून शहरवासीयांचे आकर्षण ठरले. बेकर्सफील्ड येथील १८९३ मध्ये सुरू झालेले नोरिएगा हॉटेल या परंपरेचे ठळक उदाहरण होते. ते २०२० मध्ये बंद झाले. बॉइसी येथील एक जुने वसतिगृह मात्र संग्रहालयाच्या रूपाने जतन करण्यात आले आहे. मुंबईत खानावळीची अशी एखादी खोली जपली गेल्याचे दिसत नाही. या तुलनेतील हा फरक विचार करावयास लावणारा आहे.

खानावळीकडून उपाहारगृहाकडे

मुंबईतील संक्रमण दोन वाटांनी झाले. काही जुन्या भोजनगृहांनी आपली शिस्त शेवटपर्यंत सांभाळली. गिरगावातील खोताची वाडी येथील अनंताश्रम हे गोमंतकीय मासळीच्या जेवणासाठी प्रसिद्ध असलेले भोजनगृह त्यांपैकी एक होते. ते आता बंद झाले आहे. दुसरीकडे, दादर, विलेपार्ले, वांद्रे आदी उपनगरांत मालवणी आणि गोमंतकीय पद्धतीची उपाहारगृहे वाढली. तेथील ताटात सुरमई, तिसऱ्या, सोलकढी आणि तांदळाची भाकरी हेच पदार्थ होते. बदलले ते नाते. महिन्याच्या हिशेबाची जागा पदार्थनिहाय दराने घेतली, मेंबराची जागा गिऱ्हाइकाने घेतली आणि रांधणाऱ्या स्त्रीची जागा अनेक ठिकाणी पगारी आचाऱ्याने घेतली. जे अन्न एकेकाळी गरिबीचे आणि परगावी असल्याचे लक्षण होते, ते मध्यमवर्गीय आवडीचा विषय बनले.

या प्रक्रियेत एक असमतोलही दिसतो. ‘मालवणी’, ‘गोमंतक’ आणि ‘कोल्हापुरी’ ही नावे पाट्यांवर ठसठशीतपणे आली. मुंबईला सर्वांत जवळ असलेल्या रायगड किनाऱ्यावरील आगरी-कोळी आणि इतर समाजांचे अन्न मात्र बराच काळ निनावी राहिले. जवळा, सुकट, वाल आणि मडक्यात भाजलेली पोपटी हे पदार्थ घराघरांत होते. परंतु पाटीवर नव्हते. घर जवळ असल्यामुळे या किनाऱ्याच्या माणसाला शहरात आपल्या चवीची स्वतंत्र संस्था उभारण्याची निकड तुलनेने कमी भासली असावी, असे अनुमान काढता येते. गेल्या काही वर्षांत नवी मुंबई आणि ठाणे परिसरात आगरी पद्धतीच्या उपाहारगृहांच्या पाट्या दिसू लागल्या आहेत.

राज्यसंस्थेनेही स्वस्त भोजनाचा प्रश्न वेळोवेळी हाती घेतला. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारच्या काळातील एक रुपयात झुणका-भाकर ही योजना आणि २६ जानेवारी २०२० पासून सुरू झालेली दहा रुपयांची शिवभोजन थाळी ही त्याची उदाहरणे होत. मात्र अशा योजनांत केंद्रस्थानी थाळीची किंमत राहिली; थाळी रांधणाऱ्याच्या श्रमाचे मूल्य चर्चेत अभावानेच आले.

किनाऱ्याकडे परत : रेवदंड्यातील ‘घरगुती जेवण’

१९९० नंतर प्रवासाची दिशा उलटली. मुंबई-पुण्याचा मध्यमवर्ग सुटीसाठी नागाव, चौल, रेवदंडा, काशीद या पट्ट्यात येऊ लागला. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत मोटारी वाहून नेणारी रो-रो सेवा सुरू झाली आणि ही ये-जा अधिक सुलभ झाली. ज्या धक्क्यावरून चाकरमानी गावी परतत, त्याच धक्क्यावरून आता शहरवासी गावाकडे जेवायला येतात.

नारळी-पोफळीच्या वाड्यांतील घरांसमोर ‘घरगुती जेवण मिळेल’ अशा पाट्या आढळतात. जेवणाची मागणी आधी कळवावी लागते, ताटात काय असेल ते त्या दिवशीच्या मासळीवर ठरते आणि स्वयंपाक घरातील स्त्रियाच करतात. रचनेच्या दृष्टीने ही गिरणगावातील खानावळच आहे. फरक एवढाच की, तेथे जेवणारा गरीब आणि नियमित होता. येथे तो सुस्थितीतील आणि क्षणिक आहे. तेथे उधारी होती. येथे सुटीचा हंगाम आहे. पावसाळ्यात मासेमारी थंडावते आणि पर्यटकही विरळ होतात, तेव्हा उत्पन्न घटते. जोखीम मात्र पूर्वीप्रमाणेच रांधणाऱ्या कुटुंबाची राहते.

‘घरगुती’ हा शब्द येथे दुहेरी काम करतो. गिऱ्हाइकासाठी तो अस्सलपणाची हमी ठरतो. रांधणाऱ्या स्त्रीसाठी मात्र तिचे काम व्यवसाय नसून घरकामाचाच विस्तार असल्याचे तो सूचित करतो. व्यवसायाची नोंदणी, जागेची मालकी आणि बँक खाते कोणाच्या नावावर आहे, पाटीवर कोणाचे नाव आहे आणि पहाटे मासळी साफ करणारे हात कोणाचे आहेत, हे प्रश्न म्हणूनच महत्त्वाचे ठरतात. महिला बचत गटांमुळे काही प्रमाणात भांडवल उपलब्ध झाले आहे. परंतु ‘व्यवसाय’ या रकान्यातील नोंदीचा जो प्रश्न १९७५ मध्ये गिरणगावात उपस्थित झाला, तो किनाऱ्यावर अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, खानावळ ही दुभंगलेल्या कुटुंबव्यवस्थेची आणि अपुऱ्या वेतनाची निर्मिती होती. कामगार कमी पगारात जगू शकला, याचे कारण त्याच्या जेवणातील श्रमाची पूर्ण किंमत कोणीच मोजत नव्हते. दुसरी, ती आधार देणारी आणि त्याच वेळी जातीच्या भिंती टिकवणारी संस्था होती. या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्याशिवाय तिचे मूल्यमापन होऊ शकत नाही. तिसरी, खानावळीचे उपाहारगृह होताना चव टिकली आणि प्रतिष्ठाही मिळाली. पण ती प्रतिष्ठा पदार्थांच्या वाट्याला आली, रांधणाऱ्यांच्या नव्हे.

गिरण्यांची दप्तरे, न्यायालयांचे निवाडे आणि युनियनची पत्रके अभिलेखागारांत उपलब्ध आहेत. खानावळीचा दस्तऐवज म्हणजे भिंतीवरील खाड्याच्या खुणा, वाण्याकडील खतावणी आणि त्या स्त्रियांची स्मरणशक्ती होय. चाळींच्या पुनर्विकासात भिंती पडल्या, वह्या रद्दीत गेल्या आणि १९८२ पूर्वी खानावळ चालवणाऱ्या स्त्रिया आज वार्धक्यात आहेत. मुंबई आणि रायगड या दोन्ही ठिकाणच्या महाविद्यालयांतील इतिहास, समाजशास्त्र आणि गृहविज्ञान विभागांनी या स्मृतींचे संकलन विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांद्वारे हाती घेतल्यास एक महत्त्वाचा दस्तऐवज वाचू शकेल. रेवदंड्यासारख्या गावात आजच्या घरगुती जेवणव्यवस्थेच्या नोंदी आताच ठेवणे त्याहून सोपे आहे. गिरणगावाच्या बाबतीत झालेली हेळसांड किनाऱ्यावर टाळता येणे अजूनही शक्य आहे.